कोंबडीचे पाय आणि आमचे व्याही

देवाने माणसाला एकवेळ बांध कोरणारा भाऊबंद द्यावा, रात्रंदिवस स्पीकर लावणारा शेजारी द्यावा, पण कोंबड्यांची वंशावळ सांगणारा व्याही देऊ नये. माझ्या वाट्याला तो आला आहे. हे गृहस्थ राजूरच्या हायस्कुलात शास्त्र शिकवून निवृत्त झाले, म्हणजे पगार घेऊन शिकवणं तेवढं थांबलं. बाकी शिकवणं चालूच आहे आणि वर्गातली पोरं गेल्यामुळे त्याचा सगळा भार माझ्यासारख्या सोयऱ्याधायऱ्यांवर पडला आहे. मी श्रीगोंद्याचा. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात उसाच्या नोंदी घेत उभी हयात गेली. पहिल्याच भेटीत मी हे अभिमानाने सांगितलं, तर व्याही म्हणाले, "म्हणजे तुम्ही जन्मभर संकराचीच चाकरी केलीत. तुमच्या शिवारातला एकही ऊस एका जातीचा नाही." आता हे काय पहिल्या भेटीत बोलायचं असतं? माणूस आधी पाऊसपाणी विचारतो, चहा कसा झालाय ते सांगतो.

ती पहिली भेट म्हणजे सोयरिकीची बैठक. माझी अश्विनी आणि त्यांचा मुलगा शेतकी कॉलेजात एकत्र होते आणि ठरवायचं ते दोघांनी ठरवून टाकलेलं होतं. आम्ही थोरांनी फक्त ठरवल्याचं सोंग करायचं होतं. तेही या माणसाला जमलं नाही. आमच्या घरात शेवटचा शब्द माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. तिने पदर सावरून रीतीप्रमाणे विचारलं, "पाव्हणं, तुमचं मूळ गाव कंचं? कूळ कंचं?" व्याह्यांनी उत्तर देण्याऐवजी अंगणात चरणाऱ्या कोंबडीकडे बोट केलं.

"ही कुणाची?"

"माजीच हाय. अस्सल गावठी. आमी बाहेरचं वाण दारात येऊ देत न्हाई."

"पाय कसे आहेत तिचे?"

"पिवळे. सगळ्याच कोंबड्यांचं आसत्यात की."

"मग अस्सल कुठली? कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे पूर्वेकडच्या जंगलातला लाल रानकोंबडा. त्याच्याकडे हा पिवळा रंग नव्हता. हा रंग आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याचा, आमच्या सह्याद्रीतल्या. कधीतरी मागे दोघांची सोयरीक झाली आणि पाय पिवळे झाले. तुम्ही ज्याला अस्सल म्हणता ना अक्का, ते जुनं झालेलं मिश्रण असतं. आमचं कूळही तसंच धरा."

बैठकीतल्या सगळ्यांनी वाकून पाय पाहिले, तशी कोंबडीसुद्धा चरायची थांबली. माझा राग मस्तकात गेला होता. कूळ विचारलं तर कूळ सांगावं, नसेल सांगायचं तर घसा खाकरावा, पण कोंबडीचे पाय दाखवावेत? अक्का मात्र कोंबडी पकडून तिचे पाय नीट बघायला अंगणात उतरली आणि त्या गडबडीत लग्न ठरून गेलं.

लग्नानंतर राजूरला सत्यनारायण होता. व्याह्यांचं घर गावाबाहेर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. भटजी कथेत रंगले होते, साधुवाण्याची नाव बुडायच्या बेतात होती आणि एकाएकी व्याह्यांनी तर्जनी वर केली. भटजी थांबले. बायका थांबल्या. डोंगरातून आवाज आला, 'कुक्‌, काया-काया, कुक्क'. घसा बसलेल्या माणसाने आरवायला जावं तसा. "रानातला आहे," व्याही समाधानाने म्हणाले, "चालू द्या." नाव तेवढा वेळ पाण्यातच राहिली. हे बोट त्यांनी ग्रामसभेत वर केलेलं आहे, मयतीला वर केलेलं आहे, आणि एकदा त्यांच्यामुळे वाटेत एसटीदेखील उभी राहिली, कारण कंडक्टर त्यांचा विद्यार्थी. फोनची तर गोष्टच सोडा. पहाटे मोबाईल वाजला की आमची मंडळी धसकून उठायची, अश्विनीला काही झालं का म्हणून, आणि पलीकडून व्याही म्हणायचे, "दोन आवाज ऐकवतो. रानातला कुठला आणि मिसळीचा कुठला, ओळखा." मी नेहमी चूक ओळखायचो. मला दोन्ही सारखेच कर्कश वाटायचे, आजही वाटतात.

ही मिसळ त्यांच्याच घरात झाली होती. त्यांची एक गावठी कोंबडी पहाटे डोंगराकडे चरायला जायची. तिकडे रानकोंबड्याशी तिचं सूत जमलं. पिल्लांतली दोन जगली, एक कोंबडा आणि एक कोंबडी. कोंबडीच्या मानेवर बारीक कवड्या ओवल्यासारखे पांढुरके ठिपके होते, म्हणून तिचं नाव कवडी. कोंबडा मोठा झाला, बांग देऊ लागला, त्याची पिल्लंही झाली. कवडीने मात्र कधी एक अंडं दिलं नाही. का दिलं नाही हे व्याह्यांनी मला देवळाच्या पायरीवर समजावलं, आणि त्यासाठी बाहेर काढून ठेवलेली लोकांची पायताणं वापरली. "हे बघा, पक्ष्यांत नर की मादी हे ठरवणारी गुणसूत्रांची जोडी नराकडे सारखी असते, दोन चपला. मादीकडे विजोड, एक चप्पल आणि एक बूट. आता दोन जातींचा संकर झाला की काही चपलांचे अंगठे तुटके निघतात. दुसरी चप्पल तशीच असली तर ती सांभाळून घेते. जिच्याकडे दुसऱ्या पायात बूटच आहे तिला कोण सांभाळणार? म्हणून कोंबडा निभावला आणि कवडी अडली. यात तिचा काय गुन्हा?" शास्त्र मला पटलं. पण व्याख्यान संपल्यावर माझी एक चप्पल सापडेना आणि मी राजुरातून एका पायात चप्पल आणि एका पायात त्यांच्या कुणा विद्यार्थ्याचा बूट घालून परत आलो, त्याचा गुन्हेगार कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही.

बरं, माणसाने एका मतावर तरी राहावं. सगळं जग मिसळीचं म्हणणारे हे गुरुजी काठी घेऊन डोंगराकडेच्या वाड्यावस्त्यांवर दारोदार सांगत हिंडायचे, "उजाडेपर्यंत कोंबड्या डाल्याखाली कोंडा, रानाकडे सोडू नका." स्वतःचा तो मिसळीचा कोंबडा त्यांनी जाळीत ठेवला होता. लोक हसायचे. एक म्हातारा तर म्हणाला, "गुर्जी, आमच्या कोंबड्यांस्नी बी आता पडद्यात ठेवायचं व्हय?" मी त्यांना कोंडीत पकडलं. म्हटलं, अक्काला शुद्ध काही नसतं म्हणून सांगता आणि इथे रानकोंबड्याचं सोवळं सांभाळता, हा कुठला न्याय? तर माझ्यावरच उखडले. "तुमच्या कोंबड्या गावोगाव ढिगाने आहेत, रानातला थोडा उरलाय. तांब्याभर दुधात घागरभर पाणी ओतलं तर त्याला मिसळ म्हणत नाहीत, दूध संपलं म्हणतात!" या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तो शेवटी बरोबर निघतो आणि आपली जेवणाची वेळ टळते.

पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय या माणसावर रागावण्याचा मला हक्क नाही.

अश्विनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. कुणी काही बोलत नव्हतं, म्हणजे सगळे बोलत होते, फक्त आमच्यासमोर नाही. त्या दिवाळीला लेकीला माहेरी आणायला आम्ही राजूरला गेलो आणि अक्का सोबत आली. ओटीवर बसल्या बसल्या तिची नजर कवडीवर गेली. ही अंडं देत नाही, हे विहीणबाईंच्या तोंडून सहज निघून गेलं.

"अंडं देत न्हाई? आन् दारात ठिवलीया?" अक्का ओरडली. "आगं बया! वांझोटं जनावर दारात आसलं की घराला लागतं. सुनंची कूस उजवायची कशी मग? आजच्या आज सुरी लावा तिला. काय लागलंय त्ये सुटंल."

अश्विनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. कप वाजायला लागले. माझी लेक ती. माझं काय झालं असेल ते लेकीच्या बापांना सांगायला नको. मी तोंड उघडायच्या आत व्याही उठले. हा माणूस कायम तावातावाने बोलतो, पण त्या दिवशी त्यांचा आवाज खाली आला होता.

"सुरी? कशासाठी? ती कुणाच्या पोटी जन्मली हे तिने ठरवलं नव्हतं. आणि अक्का, शास्त्र ऐकून घ्या. पक्ष्यांत विजोड जोडी मादीकडे असते. माणसांत ती पुरुषाकडे असते. माझ्याकडे, माझ्या मुलाकडे. या घरात काही अडलं असेल तर ते आमच्या बाजूने अडलंय. माझ्या सुनेकडे कुणी बोट दाखवायचं नाही, आणि त्या कोंबडीकडेही नाही."

जावई अंगणातच होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते पायऱ्या चढून आले, अश्विनीच्या हातातून ट्रे घेतला आणि वडिलांकडे बघत म्हणाले, "दादा म्हणतात ते खरं आहे." मग त्यांनीच सगळ्यांना चहा दिला, अक्कालाही.

संध्याकाळी परसात आम्ही दोघेच होतो. मी विचारलं, "व्याही, ते चप्पल-बुटाचं माणसांनाही तसंच लागू पडतं का हो?"

"छे!" ते एकदम म्हणाले. "तो नियम दोन जातींच्या संकराचा. तुमची मुलगी आणि माझा मुलगा एकाच जातीचे, माणसाच्या. इथे त्याचा काही संबंध नाही."

"मग दुपारी?"

त्यांनी कवडीपुढे मूठभर दाणे टाकले. "सगळी नोकरी पोरांना हेच सांगत आलो, शास्त्रात सोयीचं बोलायचं नाही म्हणून. आज बोललो. कुणाला सांगू नका."

मी आजवर सांगितलं नव्हतं. पण या माणसाची निंदा इतकी करून झाल्यावर आता न सांगणं हा अन्याय होईल.

पुढच्या उन्हाळ्यात कवडी खुडूक झाली, रिकाम्या जागेवरच बसून राहायला लागली. अश्विनीने दुसऱ्या कोंबड्यांची अंडी तिच्याखाली ठेवली. तिने ती उबवली आणि निघालेली पिल्लं अशी वाढवली की मांजराने तो रस्ताच सोडला. यानंतर काही काळाने अश्विनीने आणि जावयांनी रीतसर एक मुलगी दत्तक घेतली. कृपा करून या दोन गोष्टींची सांगड घालू नका. आमच्या विहीणबाईंनी एकदा घातली होती, तेव्हा व्याही दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. "कोंबडी ती कोंबडी, माणूस तो माणूस," म्हणाले. हे कोण म्हणतंय बघा!

बारसं राजूरलाच झालं. कवडी तोवर राहिली नव्हती. तिच्या जागेवर विहीणबाईंनी तुळशीची कुंडी ठेवली होती. पाळणा सजला, बायका जमल्या, आणि अक्काने वाकून पोरीकडे निरखून बघत विचारलंच, "नाव ठिवा, पन म्हनायची कुणाची? कूळ कंचं हिचं?"

सगळ्यांनी व्याह्यांकडे पाहिलं. ते पाळण्याच्या कडेला बसले होते, नातीने त्यांचं बोट धरलं होतं आणि ते ऐकतच नव्हते. मीच संतापलो. म्हटलं, "अक्का, तुझ्या कोंबडीचे पाय कसे गं?"

"पिवळे," अक्का म्हणाली आणि थांबली. मग तिने पदर खोचला. "कळलं, कळलं. लई शाना झालास. दोरी दे इकडं."

तिने पहिला झोका दिला आणि तेवढ्यात डोंगरातून आवाज आला, 'कुक्‌, काया-काया, कुक्क'. व्याह्यांचं बोट वर गेलं नाही. मला वाटलं, नातीच्या मुठीत अडकलंय म्हणून. तसं नव्हतं. विहीणबाई हळूच म्हणाल्या, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, आणि लांबून आलेलं तर येतच नाही. पहाटेचे फोन मध्यंतरी का बंद झाले ते मला तेव्हा कळलं. ते बंद झाल्यावर मी देवाचे आभार मानले होते.

बायकांचं गाणं ऐन रंगात होतं, तरी मी उभा राहिलो आणि तर्जनी वर केली. गाणं थांबलं. व्याह्यांनी माझं बोट पाहिलं, त्यांना समजलं. त्यांनी डोळे मिटून मान डोंगराकडे वळवली. कोंबडा पुन्हा एकदा आरवला.

"रानातला की मिसळीचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"रानातला," मी म्हणालो, "अगदी अस्सल."