विसण न घातलेलं पाणी

आमच्या घरी अंघोळीचं पाणी काढायचं काम अण्णांकडे होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. तांब्याच्या बंबातलं कढत पाणी बादलीत सोडायचं, त्यात बेताने गार पाण्याचं विसण घालायचं, मनगटापर्यंत हात बुडवून ढवळायचं आणि मग "ये गं, झालं" अशी हाक मारायची. आई म्हणायची, एक वेळ माझं मीठ चुकेल, पण यांचं विसण चुकणार नाही. स्वतःसाठी मात्र ते थेंबभर गार पाणी घेत नसत. त्यांची अंघोळ झाली की मोरीतून वाफ निघायची आणि ते लालबुंद होऊन बाहेर यायचे. याचा त्यांना फार अभिमान. अंबडच्या एका कारखान्यात ते भट्टीवर होते, आणि उष्णता आपल्याला ओळखते, ती आपलं काही वाकडं करणार नाही, असं त्यांचं मत होतं. पुरुषांची अशी मतं लवकर बनतात आणि जाता जात नाहीत.

मी नववीत असताना एकदा अण्णा कोपऱ्यावरून दूध घेऊन आले ते एकाच पायात चप्पल घालून. आईने विचारलं, "दुसरी कुठंय?" त्यांनी खाली बघितलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेही हसले, पण जरा उशिराने. चप्पल गटाराच्या कडेला पडलेली सापडली. ती पायातून निसटली, पुढचा सगळा रस्ता डावा पाय खडीवरून चालत आला, आणि त्यांना पत्ता नव्हता.

मग दवाखाना झाला. रक्तात शुगर निघाली. डॉक्टरांनी अण्णांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळपायाला टाचणी टोचत विचारलं, "लागतंय का?" अण्णा कपाळाला आठ्या घालून, परीक्षेला बसल्यासारखे लक्ष देत होते. डॉक्टरांनी टाचणी बाजूला ठेवून हात धुतले तरी ते डोळे मिटूनच बसले होते. डाव्या पायाची जाण गेली आहे, ती परत येईल असं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. पायाला जखम तेवढी होऊ देऊ नका.

आईने घरातली फुटकी फरशी बदलून घेतली. दारातला तुटका पत्रा भंगारवाल्याला दिला. अण्णांना घरातसुद्धा सपाता घालायला लावल्या. जखम म्हणजे काटा, खिळा, काच. गरम पाण्यानेही जखम होते हे आमच्या गावीही नव्हतं. आमच्याकडे पाय मुरगळला की गरम पाणी, भेगा पडल्या की गरम पाणी, ताप उतरला की गरम पाणी. ते औषध होतं. औषधाला कोण भितं?

अण्णांना भीती होती ती वेगळीच. भट्टीचं काम उभ्याने. लाल लोखंडाचे कण पायाशी उडतात, चटका बसताक्षणी पाय मागे घ्यावा लागतो. ज्याला चटका कळत नाही त्याला तिथे कोण ठेवणार? कारखान्यात त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कळलं तर गेटवर स्टुलावर बसवतील, म्हणायचे, आणि ते स्टूल म्हणजे त्यांच्या लेखी मरणच होतं. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून ते डाव्या पायाची बोटं एकेक करून चिमटायचे. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आली का?" ते म्हणायचे, "येईल." हे रोजचंच झालं. पाहुणा यायचा असावा आणि गाडी लेट असावी, तसं.

अशात आत्या आली. अण्णांची थोरली बहीण. हरसूलकडच्या एका गावात दिलेली, बोलणं ठाम, आणि आजवर तिला कुणी खोटं पाडलेलं नव्हतं, कारण कुणाची छाती नव्हती.

"घाट उतरून खाली गेलं का गरम पाण्याचे कुंड हायेत," ती म्हणाली. "लय गुण हाय त्या पाण्यात. आमच्या गावचा एक माणूस खाटेवर घालून नेला व्हता. स्वतःच्या पायानं आला."

"डॉक्टरांना विचारून बघू?" आई म्हणाली.

"डाक्टर काय सांगंल? त्याचं दुकान बंद पडंल. पण एक ध्यानात ठेव. विसण नाय घालायचं. गार पाणी मिसळलं का गुण गेला."

हे सगळ्यांना पटलं. मला तर जास्तच पटलं, कारण अशा झऱ्यांतलं गंधक त्वचारोगावर चालतं असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि त्या वयात वाचलेलं सगळं मला शास्त्र वाटायचं.

थंडीचे दिवस होते. पहाटेच्या बसने आम्ही चौघं निघालो. दशम्या, लसणाची चटणी, बाटलीत ताक, आणि आत्याच्या पिशवीत फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ. त्र्यंबक मागे पडलं, जव्हारचा घाट लागला. अण्णा खिडकीशी बसून गप्पा मारत होते. एवढे बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पाय सुधारला की गावाकडचं घर शाकारायचं, मला सायकल घ्यायची, असं काय काय. घरातलं कुणी आजारी असलं की सहलीलाही एक काम मिळतं, आणि काम असल्याशिवाय आमच्या घरचे कुठे फिरायला जायचे नाहीत. आयुष्यातली आमची ती पहिली सहल होती.

कुंडाशी देवीचं छोटं देऊळ होतं. आधी तांदळाची पुरचुंडी उघड्या कुंडात सोडायची, ती गरम होऊ द्यायची आणि मग देवीपुढे ठेवायची, अशी तिथली रीत. आत्याने पुरचुंडी दोरीला बांधून सोडली. बऱ्याच वेळाने ती वर काढून फडकं सोडलं तर भात काही झाला नव्हता, पण तांदूळ फुगून मऊ पडला होता. आत्याने दोन दाणे बोटांत चिरडून आईला दाखवले. "बघ. आज पाणी कडक हाय."

आई समाधानाने हसली. चार दाणे तिने अण्णांच्या हातावर प्रसाद म्हणून ठेवले. मीही खाल्ले. ज्या पाण्याने तांदूळ असा मऊ पडतो, त्यात आता माणसाचा पाय जायचा आहे, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

कुटुंबांसाठी तिथे वेगळे हौद होते. पत्र्याची खोली, मधोमध सिमेंटचा हौद, उतरायला पायऱ्या, एका अंगाला गरम पाण्याचा पाइप आणि दुसऱ्या अंगाला गार पाण्याची तोटी. सगळीकडे अंडी उकडल्याचा वास. हौद भरून देणारी बाई गार पाण्याच्या तोटीला हात घालणार, तोच आत्या ओरडली, "राहू दे, राहू दे."

"मग निवंस्तोवर थांबा," बाई म्हणाली.

"निवल्यावर काय राह्यलं त्यात?"

बाईने खांदे उडवले आणि बाहेर गेली. आईने अंगठा बुडवला आणि हाय करून मागे घेतला. आत्याने पदराचं टोक भिजवून गुडघे शेकले. मी बोट घातलं ते तोंडातच घेतलं. अण्णांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, पायरीवर बसले, उजवा पाय आत घातला आणि दचकून बाहेर काढला. मग डावा घातला. तो तसाच राहिला. पाइपाच्या तोंडाखाली सरळ, एखादी वस्तू ठेवावी तसा.

आम्ही तिघी बघत होतो.

"काय लागतंय?" आईने विचारलं.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा मला अजून दिसतो. आम्ही तिघी इतक्या लांबून, इतक्या आशेने आलो होतो, आणि काही न लागणं त्यांना फार उद्धटपणाचं वाटलं असावं.

"कोमट लागतंय," ते म्हणाले.

आईने तोंडावर पदर घेतला. "कोमट का होईना, लागतंय तर," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. आत्याने देवळाच्या दिशेने हात जोडले. अण्णा हसत होते. त्या पत्र्याच्या खोलीत, त्या वासात, आम्ही सगळे इतके सुखात होतो की नंतरच्या काळात तसं सुख मला कधी सहन झालं नाही. कुठे फार आनंद दिसला की मी आधी पाण्याला हात लावून बघते.

मधे बाईने दार वाजवलं. "बास करा दादा, पाणी कडक हाय आज."

"दुसऱ्याला गुण आला का लोकांच्या पोटात दुखतं," आत्या हळूच म्हणाली.

पाय बाहेर आला तो लाल. "रक्त खेळायला लागलं," आई म्हणाली, आणि बाळंतिणीच्या खोलीत बाळ बघावं तशा आम्ही तिघी वाकून तो पाय बघत राहिलो. बसस्टॉपकडे जाताना अण्णांनी मुद्दाम चपला हातात घेतल्या. थोडं चालून म्हणाले, "खडे टोचतायत." ते खरं होतं की आम्हाला दिलेली भेट, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

घाट चढेपर्यंत द्राक्षाएवढे फोड आले होते. त्र्यंबकपर्यंत ते एकमेकांत मिसळले. अण्णा खिडकीबाहेर बघत बसले होते, त्यांना काहीच होत नव्हतं. "अंगातलं विख बाहेर पडतंय," आत्या म्हणाली, पण आता तिचा आवाज खाली गेला होता. घरी आल्यावर आईने हळद लावली. दुसऱ्या दिवशी अण्णा फडकं गुंडाळून, वरून मोजा आणि कंपनीचा बूट चढवून कामावर गेले. रजा मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं. बूट चावत नव्हता, मग थांबायचं कशाला? ते जातच राहिले. आधी वास मला आला. आईने धूप लावला. मग धुपातूनही वास यायला लागला.

मोठ्या दवाखान्यात आधी बोटं गेली. मग गुडघ्याखालचा सगळा पाय. डॉक्टरांनी विचारलं होतं, हे भाजलं कशाने? आई म्हणाली, "देवीच्या पाण्याने." डॉक्टरांनी कागदावर 'गरम पाणी' एवढंच लिहिलं.

मला आत्याचा राग आला, मग आईचा, मग अण्णांच्या त्या एका शब्दाचा. आत्या पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे आली नाही. आई तिच्यासाठी दर दिवाळीला डबा पाठवायची आणि मी दर दिवाळीला आईशी भांडायची. कारखान्याने गेटवरचं स्टूलसुद्धा देऊ केलं नाही. अण्णा घरीच बसले. बंब मोडीत गेला, गिझर आला. पाणी काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी अजून हात बुडवल्याशिवाय कुणाला हाक मारत नाही.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. एका दुपारी घरी आले तर अण्णा खुर्चीत वाकून बसलेले. घामाने सदरा भिजलेला. डाव्या पायजम्याची रिकामी गुंडाळी त्यांनी दोन्ही मुठींत आवळून धरली होती.

"काय होतंय?"

"पाय भाजतोय."

"कुठला?"

त्यांनी बोट दाखवलं. तिथे फरशी होती. पाय कापल्यावरही नसा असं सांगत राहतात, याला इलाज नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की ज्या पायाला कढत पाण्यात काही कळलं नव्हतं, तो आता, नसताना, त्या हौदात भाजत होता. जाण परत आली होती.

"त्यात जरा विसण घाल गं," अण्णा म्हणाले.

आई आतून तांब्या घेऊन आली. तिने आधी त्या पाण्यात आपली बोटं बुडवून पाहिली. मग ती खुर्चीपाशी खाली बसली आणि जिथे त्यांचा पाय टेकला असता तिथे, फरशीवर, हळूहळू पाणी ओतत राहिली.

"आता?" तिने विचारलं.

"अजून थोडं," अण्णा म्हणाले.

ती तांब्या भरायला पुन्हा आत गेली.