अर्धा त्यांचा, अर्धा माझा

आमच्या वधू-वर मंडळाचा कॉम्प्युटर जळगावात माझ्या घरी, पुढच्या खोलीत असतो. त्याचा पासवर्ड दोघांचा होता. पहिला अर्धा सचिवांचा, दुसरा अर्धा माझा. एकाने टाइप करायचं तेव्हा दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. लोक हसतात, पण आमच्या विहाराच्या दानपेटीला दोन कुलपं आहेत आणि किल्ल्या दोन वेगळ्या घरांत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मंडळाच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरचंही तसंच करा, आणि ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. एकट्या माणसाच्या हातात सगळं द्यावं, असा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

जपायचं होतं ते एका रकान्यात होतं. मेळाव्याच्या पुस्तिकेत उंची, शिक्षण, नोकरी, मामाचं गाव एवढं छापतो. पण लोक फॉर्म देताना उंबऱ्यात थांबतात आणि जे छापायचं नाही ते सांगतात. पहिलं लग्न मोडलेलं असतं, मुलाला फिट येत असतात, बाप पीत असतो. हे आम्ही ‘खाजगी’ म्हणून लिहून ठेवायचो. ज्याला सांगितलं त्यानेच टाइप करायचं, दुसऱ्याने वाचायचं नाही. स्थळ पुढे सरकलं तर त्या घराला विचारून, मगच समोरच्यांना सांगायचं. टाइप झालं की फॉर्म मी बंबात घालत असे. कागद कोणाच्याही हाती लागतो.

यंदा मेळावा रविवारी होता आणि गुरुवारी पुस्तिका प्रेसला द्यायची होती. मंगळवारी सकाळी सचिव धुळ्याहून एसटीने आले. निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. मी भिंतीकडे वळले, त्यांनी टाइप केलं. ते वळले, मी टाइप केलं. पासवर्ड चुकीचा.

पुन्हा केलं. पुन्हा चुकीचा.

“ताई, तुमचा अर्धा आठवतोय ना नीट?”

“माझा आठवतोय. तुमचा?”

“मना अर्धा बराबर शे,” सर म्हणाले. चिडले की ते शाळेतली भाषा सोडून घरच्या भाषेत येतात. “मी काय येडा शे का?”

मग आधी माझा, नंतर त्यांचा, असं उलटं करून पाहिलं. त्यानंतर कॉम्प्युटरने आम्हाला थांबवलं. थोड्या वेळाने प्रयत्न करा, म्हणाला. आम्ही समोरासमोर बसलो. चहा मी केला नाही.

दिवाळीनंतर आम्ही मंडळाचं खातं उघडलं नव्हतं. पत्रं, नोटिसा यांसाठी त्याच कॉम्प्युटरवर वेगळं, साधं खातं होतं, ते मी वापरत होते. एवढ्या दिवसांत दोघांपैकी एक विसरला, हे उघड होतं. किंवा एक जण विसरलेला नव्हता.

संशय मला उगाच येत नाही. सरांचा पुतण्या यंदा यादीत होता. शिरपूरला कॉलेजात नोकरी, घर स्वतःचं. आणि धरणगावच्या एका मुलीबद्दल सरांनी मला महिन्याभरात दोनदा फोन केला होता. मुलगी चांगली आहे हो, पण इतकी वर्षं थांबली कशी? मी म्हटलं, शिकत होती. ते खरंच होतं, पण पूर्ण नव्हतं. ती मुलगी लग्न होऊन बारा दिवसांत परत आली होती. तिच्या आईने हे दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं होतं आणि जाताना म्हणाली होती, “आम्हाला विचारल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, अक्का.” ते मी टाइप केलं तेव्हा सर भिंतीकडे पाहत होते. किती पाहत होते, ते मला कसं कळणार? माझी पाठ होती.

“माझा एक जुना विद्यार्थी हेच काम करतो,” सर म्हणाले. “मी घेऊन जातो मशीन. उद्या आणून देतो.”

बस, तेवढं पुरे होतं. आपला अर्धा मुद्दाम चुकवायचा, मशीन आपल्या माणसाकडे न्यायचं आणि निवांत वाचायचं. मी म्हटलं, “मशीन या खोलीच्या बाहेर जाणार नाही. माणूस मी आणते. तुमच्या ओळखीचा नाही, माझ्याही नाही.”

“माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?”

“माझा माझ्यावरही नाही. म्हणून तर अर्धा अर्धा केला.”

बाजारातल्या दुकानांच्या ओळीत मी तिसरं दुकान निवडलं. पहिलं नाही, कारण पहिल्यात सगळे जातात. पन्नाशीचा माणूस होता, दाढी मेंदीने रंगवलेली. काम सांगितलं तर म्हणाला, “घेऊन या.” मी म्हटलं, “तुम्ही या. फोन बाहेर ठेवावा लागेल.”

दुपारी आला. मी फोन खिडकीत ठेवायला लावला, खिशातला पेनड्राइव्ह बघायला मागितला, त्यात काय आहे ते विचारलं.

“अक्का, पोलीस पण एवढं तपासत नाहीत,” तो म्हणाला.

“त्यांचं काम वेगळं असतं.”

“आत काय आहे एवढं?”

“मुलींची माहिती.”

“मलापण दोन मुली आहेत,” तो म्हणाला. मुली असणाऱ्या माणसालाच दुसऱ्यांच्या मुलींची जास्त चौकशी असते, हा माझा अनुभव आहे. मी खुर्ची ओढून त्याच्या खांद्याजवळ बसले. दुसऱ्या बाजूला सर. मला त्यांच्या हातांवर लक्ष ठेवायचं होतं, त्यांना माझ्या.

त्याने कॉम्प्युटर बंद केला, पेनड्राइव्ह लावला, पुन्हा चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. त्याने एक यादी काढली, तीत आमचं नाव निवडलं, दोन बटणं दाबली. पेनड्राइव्ह काढून परत चालू केलं.

कॉम्प्युटर उघडला. पासवर्ड विचारलाच नाही.

“झालं?” सर म्हणाले.

“पासवर्ड उडवला. नवीन टाका आता.”

“आमचा कोणता चुकत होता? यांचा की माझा?”

“ते नाही कळत, सर. कुलूपच काढून टाकलं ना. आता किल्ली कोण तपासणार?”

मला त्याच्यापेक्षा वेगळी गोष्ट सतावत होती. मी विचारलं, “हे असं कोणालाही येतं?”

“शिकलेल्या माणसाला येतं. अवघड नाही. आणि एवढं पण करायची गरज नाही. आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर बठ्ठं दिसतं, सगळंच.”

मागच्या उन्हाळ्यात पंखा बिघडला म्हणून हा कॉम्प्युटर आठ दिवस दुरुस्तीला होता. मीच रिक्षात घालून नेला होता. पासवर्ड आहे, काळजी नाही, असं म्हणून घरी येऊन झोपले होते. तो दुकानदार कोण, त्याच्याकडे कोण कामाला होतं, मला आता त्यांची तोंडंही आठवत नव्हती.

सरांनाही ते आठवलं असावं. “म्हणजे तीन वर्षं आपण नुसतेच भिंतीकडे तोंड करून उभे होतो,” ते म्हणाले.

कारागीर हसला. आम्ही नाही. तो गेल्यावर मी दार लावलं आणि यादी उघडली. धरणगावची मुलगी मधोमध कुठेतरी होती. मी सरांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते.

“वळू का?” त्यांनी विचारलं.

“वळा.”

ते वळले. मी तो रकाना वरपासून खालपर्यंत निवडला.

“काय करताय?”

“पुसतेय.”

“माझ्या नोंदी पण?”

“सगळ्या.”

“मग लोकांनी चौकशी केली तर काय सांगायचं?”

“ज्याचं त्याने सांगावं. आपल्याला जपता येत नाही ते आपण ठेवायचं नाही.”

भिंतीकडे बघतच ते म्हणाले, “पुसा.” मी रकाना पुसला. दुसरी प्रत कुठे आहे का ते शोधलं, ती होती, तीही पुसली. मग मी आतल्या खोलीत जाऊन सगळ्यात आधी धरणगावला फोन लावला. त्या घराला सांगणं माझ्यावर बंधनकारक होतं. मशीन दुरुस्तीला गेलं होतं हेही सांगितलं, लपवलं नाही.

आई एकदम म्हणाली, “आमचं नाव काढून टाका. पुस्तकातूनच काढा. म्हणजे कोणी वाचलं असेल तर?”

“काढते,” मी म्हटलं.

पलीकडे फोन ओढल्याचा आवाज आला. मुलगी बोलायला लागली. “मावशी, नाव राहू द्या. कोणी आलं तर मीच सांगेन. चहा यायच्या आधी सांगेन. उठून गेले तर आमचा चहा वाचला.”

मागे आई काहीतरी जोरात म्हणत होती. मी विचारलं, “नक्की?”

“नक्की. माझं वय काही बारा दिवसांचं नाही.”

मी बाहेर आले. सर अजून खुर्चीत होते, पण खुर्ची आता पडद्याकडे वळलेली होती. यादी उघडी होती, मुलीचं नाव जागेवर होतं. पुढचा खाजगी रकाना रिकामा. मी त्यांच्यादेखत पुस्तिकेची फाईल प्रेसला पाठवली.

“कोणाला फोन केला होता?” सरांनी विचारलं.

“प्रेसला,” मी म्हटलं.