सगुणीचे जंत

माझ्या लग्नात सासऱ्यांनी आंदण म्हणून मांजर दिली.

(द्यायची होती गाय, पण नवीन जालन्यातल्या माझ्या दोन खोल्यांत गाय शिरली असती, तर मला रस्त्यावर झोपावं लागलं असतं!) सासरे, म्हणजे आबा, कुंभार पिंपळगाव या गावचे शेतकरी. आधी गोठा पाहायचा, मग मुलगी द्यायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. मी पडलो बँकेतला कारकून. माझ्याकडे बघायला जनावर एकच, ती सगुणी मांजर. आणि ती तर दिवसेंदिवस वाळत चाललेली! पोटाचा नगारा आणि बरगड्या उघड्या.

"जंत झालेत तिला," बायको सुमन म्हणाली. "उद्या आबा येऊन राह्यलेत. म्हणतील, मांजरीला खायला न्हाई, मंग माझ्या लेकीला काय देत असतील?"

सगुणीला पिशवीत कोंबून मी जनावरांचा दवाखाना गाठला. बैलांच्या रांगेत पिशवी घेऊन उभा राहिलो, तर लोक बैल सोडून मलाच बघायला लागले! डॉक्टरांनी एका गोळीचे दोन तुकडे केले.

"माणसांचीच गोळी आहे. एक तुकडा आज, दुसरा पंधरा दिवसांनी. बिलकुल सोपं काम."

सोपं! दुधात टाकली, तर दूध गेलं आणि गोळी बशीत. सायीत गुंडाळली, सगुणीनं साय खाल्ली, गोळी माझ्या पायावर थुंकली. खास मटण आणलं, ते फस्त करून तिनं गोळी कुठंतरी थुंकून टाकली. दुसऱ्या दिवशी मी गोळी शोधत पलंगाखाली होतो, फक्त पाय बाहेर, तेव्हा दारातून आवाज आला.

"काय करून राह्यले, जावईबापू?"

आबा! एक गाडी आधीच आलेले! मी सगुणीनं ओरबाडलेलं तोंड आणि सापडलेली गोळी घेऊन बाहेर आलो. सुमननं सगळं सांगून टाकलं. आबांनी सगुणीचं पोट पाहिलं, मग मला पाहिलं. गेली इज्जत, असं मला वाटलं.

"जंत तर समद्याच जनावरांला व्हतेत. पण येवढं औषध पाजता येईना? बैल असता तर काय केलं असतं? आना इकडं, दावतो."

गोळी त्यांनी उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं माझाच जबडा धरला.

"हे पाहा, आंगठा आसा गालात घालायचा. मान आशी वर. बराबर? मंग जिभीच्या मुळाशी... आन् गळा चोळायचा."

गटक!

"आबा!" सुमन किंचाळली. "त्यांलाच पाजली की!"

आबांनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. "आरं तिच्या! जल्मभराची सवय. जबडा हातात आला का हात थांबत न्हाई."

मांजरीनं तीनदा थुंकलेली गोळी माझ्या पोटात गेली होती. कपाटावरून हे सगळं पाहणारी सगुणी खाली आली आणि उरलेला तुकडा तिनं आबांच्या हातून मुकाट्यानं गिळला. दुसऱ्या दिवशी जंत पडले. (कुणाकुणाचे, ते विचारू नका!)

आबा दोन दिवसांनी गावी गेले. गावभर माझी शोभा होणार, या धास्तीनं मला जेवण जाईना. शेवटी त्यांच्या गावचा एक माणूस बँकेत आला, तेव्हा मी भीत भीत विचारलं, "आबा काही म्हणाले का आमच्याबद्दल?"

"हाव! लई खूश हायेत. चार मान्सांत सांगून राह्यलेत, जावई गरीब सोभावाचा निघाला. औषध पाजलं, पर लाथ न्हाई मारली!"