रविवारचे सिंह

सहा वर्षांपूर्वी मी एका माणसाशी खोटं बोललो, आणि ते कालपर्यंत तसंच होतं. वाक्य अगदी लहान होतं. 'अरे, माझं नेट गेलं होतं.' त्या उन्हाळ्यात सगळे घरून काम करत होते, रोज कुणाचं तरी नेट जायचं, त्यामुळे ते खपून गेलं. माझं नेट गेलं नव्हतं. हे मी बायकोलासुद्धा दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत सांगितलं नव्हतं. लिहायला बसलो की पहिल्यांदा आठवतात ते सिंहच, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तो माणूस म्हणजे माझा मित्र. नागपूरचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला आम्ही एकाच कंपनीत, एकाच लॅबमध्ये होतो. चिपा तापवायच्या, गार करायच्या, परत तापवायच्या आणि कुठे मोडतात ते बघायचं, असं आमचं काम. 'गावाकडे पापड भाजायचो, इथे हे भाजून राहिलो,' असं तो म्हणायचा. राहायलाही आम्ही एकाच कॉम्प्लेक्समध्ये होतो. त्यांची बिल्डिंग, मग पोहण्याचा तलाव, मग आमची.

सिंह त्यानेच आणले. आफ्रिकेतल्या एका जंगलातून रोज जीपवरच्या कॅमेऱ्याने लाइव्ह फेरी दाखवायचे. तिकडची संध्याकाळची फेरी म्हणजे आमची सकाळ. रविवारी आठ वाजता आम्ही दोघं नवराबायको तलावाला वळसा घालून त्यांच्याकडे जायचो. मे महिन्यानंतर त्या वेळीच ऊन असं असायचं की तलावाच्या कडेची फरशी चपलेतून कळायची. आत पडदे ओढलेले, एसी चालू, आणि वहिनींच्या तर्रीचा वास. पोहे, वर चण्याची लाल तर्री, त्यावर कच्चा कांदा. एकदा माझ्या बायकोने आपल्या पद्धतीचे पोहे करून नेले होते, ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. मित्राने एक घास खाल्ला आणि मला विचारलं, 'काय बे, बरं नाही का तुला? डॉक्टरने हे सांगितलं?' वहिनींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि माझी बायको हसून हसून खाली बसली.

त्या कळपाचे दोन नर होते, सख्खे भाऊ. त्यांना जीपवाल्यांनी काही नावं दिली होती, पण आमच्याकडे ते थोरला आणि धाकटाच होते. थोरल्याचा डावा कान फाटलेला, आयाळ छातीखाली पार काळी झालेली. धाकटा फिकट, नाकावर आडवा व्रण, आणि भलता आळशी. बऱ्याच रविवारी तो झाडाखाली चारी पाय वर करून पडलेला दिसायचा. 'हा तुझ्यासारखा पुण्याचा,' असं मित्राने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

दोघांत फरक करायला शिकलो ते मित्राच्या मुलीकडून. ती तेव्हा आठ वर्षांची होती. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी जे ठिपके असतात ते प्रत्येकाचे वेगळे असतात, हे तिने कुठेतरी वाचलं आणि एक वही केली. प्रत्येक सिंहिणीचं, प्रत्येक बछड्याचं तोंड, त्यावर ठिपके. माझ्याजवळ गालिच्यावर बसून ती ते काढायची. मी चुकलो की पेन्सिलीने माझ्या गुडघ्यावर टकटक करायची. 'काका, दॅट्स नॉट हिम. ठिपके बघ ना!' आम्हाला मूल नाही. रविवारी सकाळी दोन तास मात्र ते आठवत नसे.

सिंहाचं राज्य म्हणजे आयतं बसून खाणं, असं मला आधी वाटायचं. पण हे दोघं रोज संध्याकाळी उठून सीमेवरून मैलोन्‌मैल चालायचे. झुडपांवर मुतायचे, मागच्या पायांनी माती उकरायचे, डोकी एकमेकांवर घासायचे आणि मग एका पाठोपाठ एक डरकाळी फोडायचे. एक थांबत आला की दुसरा उचलायचा. जीपमधून माहिती सांगणारी बाई म्हणाली, पलीकडचे नर हे ऐकत असतात आणि किती आवाज आहेत ते मोजतात. एकच आवाज आला तर चालून येतात. दोन आले तर विचार करतात. तो आवाज पाच मैलांपर्यंत जातो.

मित्राने चमचा खाली ठेवला. 'ऐकलंस का बे? आपण मीटिंगमध्ये एकेकटे बोलतो, म्हणून ते आपल्याला खातात.'

'ते' म्हणजे कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या लॅबचे तिघे. आमचं काम आपल्याकडे ओढून न्यायचा त्यांचा प्रयत्न सतत चालू असायचा. त्या रविवारपासून आमचा नियम झाला. मीटिंगमध्ये एकाने म्हणणं मांडायचं, आणि तो थांबला रे थांबला की दुसऱ्याने लगेच म्हणायचं, मीही हे करून बघितलं, मलाही तेच दिसलं. अर्थात खरंच करून बघायचं. आम्ही प्रत्येक टेस्ट दोनदा करायचो, एकदा त्याने, एकदा मी, वेगवेगळ्या मशीनवर. मीटिंग संपली की त्याचा मेसेज यायचा, 'ऐकू गेलं?' मी उत्तर द्यायचो, 'पाच मैल.' जवळजवळ चार वर्षं हे चाललं. नोकरीत मला कधी एवढं सुरक्षित वाटलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

मग तो उन्हाळा आला. एका नव्या चिपमध्ये उष्णतेने तडा जात होता. टेस्टसाठी तेवढं आम्ही आळीपाळीने लॅबमध्ये जायचो; मित्राने तो पकडला, मी दुसऱ्या मशीनवर परत करून बघितला, तडा होताच. कॅलिफोर्नियाचे तिघे म्हणाले, तडाबिडा काही नाही, चँडलरची टेस्ट करायची पद्धतच चूक आहे, सगळं टेस्टिंग आमच्याकडे द्या. त्यावर गुरुवारी मोठी मीटिंग ठरली.

बुधवारी दुपारी आमच्या मॅनेजरचा मला फोन आला. मलाच, मित्राला नाही. म्हणाला, हे सगळं बहुतेक तिकडे जाणार, पण नव्या टीममध्ये इथल्या एका माणसाला जागा होऊ शकते. उद्या जरा शांत राहा. एवढंच. त्याने मला गप्प बस असं सांगितलं नाही, आणि मीही काही विचारलं नाही. आम्ही दोघंही तेव्हा व्हिसावरच होतो. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. मी घाबरलो. पण एवढंच सांगितलं तर ते अर्धवट होईल. तो माझ्यापेक्षा हुशार होता, जागा एकच असेल तर ती खरं म्हणजे त्याची होती, आणि हे मला त्या फोनवरच कळलं होतं.

गुरुवारी तो पाच-सात मिनिटं बोलला. उत्तम बोलला. शेवटी म्हणाला, हा तडा खरा आहे. आणि थांबला. त्याने माझ्यासाठी जागा ठेवली होती. माझ्यासमोर माझे आकडे उघडे होते, वाक्य तयार होतं. बोट माइकच्या बटणाजवळ होतं. खोलीत एसीचा आवाज येत होता. किती सेकंद गेले सांगता येत नाही. मग तिकडच्या एकाने विचारलं, 'सो दिस इज ओन्ली युअर रीडिंग?' आणि मित्र म्हणाला, 'नो. समवन एल्स रॅन इट टू.' माझं नाव त्याने घेतलं नाही. तो परत थांबला. मी बोललो नाही.

मीटिंगनंतर 'ऐकू गेलं?' असा मेसेज आला नाही. सरळ फोनच आला. 'कुठे होतास बे?' आणि मी ते वाक्य बोललो.

तो म्हणाला, 'हो का. चालते.'

त्याच रविवारी आम्ही नेहमीसारखे त्यांच्याकडे गेलो. काय कारण सांगून टाळणार? तर्री होती. जीप कोरड्या नदीच्या काठावर उभी होती, आणि पलीकडून तीन तरणे नर येताना दिसले. आयाळी अजून पुरत्या न वाढलेल्या, पण अंगाने भरलेले. अलीकडे सिंहिणी, सात बछडे आणि थोरला एकटा. धाकटा फेरी सुरू झाल्यापासून दिसला नव्हता. थोरला उठला, पात्राच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने डरकाळी फोडली. तिघं थांबले. ऐकत होते. मुलीने उशी तोंडाशी धरली होती. मित्र टीव्हीच्या इतका जवळ गेला होता की मागच्यांना काही दिसत नव्हतं. 'धाकट्या, कुठे मेला बे! धाव ना!'

तिघं चालून आले तेव्हा लांबून, खूप लांबून, दुसरा आवाज आला. कॅमेरा गर्रकन वळला. तो आळशी, झाडाखाली पाय वर करून पडणारा धाकटा, गवत फाडत पळत येत होता. आधीच लंगडत होता, बहुधा वाटेत कुठेतरी लागलं असावं. तो थेट त्या तिघांवर गेला.

ते हरले. तिघांपुढे दोघं, तेही वयाने उतरलेले. थोरल्याचा मागचा पाय फाटला. शेवटी दोघं एकमेकांना खेटून उत्तरेकडे चालत गेले, मागे वळूनही बघितलं नाही. मित्राने डोळे पुसले, लपवलेही नाहीत. म्हणाला, 'हरले, पण आला बे. बघ, आला.'

मी चहा टाकायला उठलो. चहा टाकायची काही गरज नव्हती.

नवे नर आले की आधीच्यांचे बछडे मारतात, म्हणजे सिंहिणी लवकर त्यांच्या होतात. पुढच्या रविवारी सातांपैकी दोनच दिसले. मुलीने वही मिटली ती परत उघडली नाही.

महिन्याभरात मित्राची नोकरी गेली आणि ती एक जागा मला मिळाली. साठ दिवस त्याने सगळीकडे प्रयत्न केले, पण त्या उन्हाळ्यात कुणी माणसं घेत नव्हतं. फिनिक्सच्या विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेलो. भर दुपार होती. गाडीत मागे वहिनी आणि मुलगी, पुढे तो. वहिनी बऱ्याच वेळाने बोलल्या. 'किती वेळा सांगितलं होतं यांना, सगळ्यांपुढे एवढं बोलायचं काय अडलं होतं? भाऊजी बघा, शांत राहतात.' मित्र खिडकीबाहेर बघत राहिला. मी गाडी चालवत राहिलो. उतरताना मुलीने ती वही माझ्या हातात दिली. 'काका, यू कीप इट. तिकडे नको मला.'

वही माझ्याकडेच आहे. आता आमच्या घराला मागे अंगण आहे, संत्र्याचं झाड आहे, मार्चमध्ये त्याचा वास घरभर येतो. मित्र नागपुरात एका कॉलेजात शिकवतो. फोन होतात. तो अजून म्हणतो की चँडलरचं ऊन नुसतंच भाजते, नागपूरच्या उन्हात निदान कूलरच्या वाळ्याचा वास तरी असते. रविवारी आठला मी अजूनही ती फेरी लावतो. आताच्या सिंहांना मी ओळखत नाही. ठिपके मोजायचे कंटाळलो.

दोन आठवड्यांपूर्वी त्याचा फोन आला. मुलीला इथल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. आवाजात एवढा आनंद मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. 'हिला होस्टेलची भीती वाटून राहिली. मी म्हटलं, काहून घाबरतेस? पहिलं वर्ष काकाकडे राहा. तिकडे तू आहेस ना बे.'

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'तिला या घरात आणायच्या आधी सांग त्यांना.'

म्हणून काल, रविवारी सकाळी, मी फोन लावला. तिकडे जेवणं आटोपत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, 'त्या गुरुवारी माझं नेट गेलं नव्हतं.'

तो म्हणाला, 'माहीत आहे.'

'कसं?' मी विचारलं.

'अबे, स्क्रीनवर तुझं नाव दिसून राहिलं होतं ना. माइक बंद. शेवटपर्यंत होतास तू तिथे.'

'मग बोलला का नाहीस?'

'काय बोलू? एकच जागा होती, हे मलाही कळलं होतं नंतर. आणि रविवारी तुम्ही आलात. तर्री खाल्ली. मला वाटलं, चहा टाकायला गेला आहे, येऊन सांगेल.' तो जरासा हसला, पण ते हसणं लगेच संपलं. 'सहा वर्षं लावशील असं वाटलं नव्हतं.'

मी माफी मागितली. मागायची म्हणून नव्हे, पण शब्द तेच होते, दुसरे नव्हते.

'मला नको सांगू,' तो म्हणाला. 'मी तर तेव्हाच मोकळा झालो. पण तुझ्या वहिनीला मी नेटच सांगितलं आहे. तिच्या नजरेत तू चांगला राहावास म्हणून सांगितलं. ही आजही म्हणते, माझ्या तोंडामुळे घर उठलं. पोरगीही तेच ऐकत मोठी झाली. पोरगी हिचीपण आहे ना? तू हिला सांग. मग ही ठरवेल, पाठवायची की नाही.'

'आत्ता?'

'मग केव्हा? विमानात बसल्यावर?' आणि मी काही म्हणायच्या आत त्याने हाक मारली. 'अगं, घे. याला बोलायचं आहे.'

भांडी थांबली. वहिनींनी पदराला हात पुसला असेल, फोन हातात घेतला असेल. आवाज तोच, तर्री वाढताना असायचा तसा.

'काय भाऊजी, आज सिंह झोपून राहिले का? आणि पोरीला कोणती खोली देता, ते सांगा आधी. तिला सकाळचं ऊन लागते.'

खोली आम्ही ठरवली होती, संत्र्याच्या झाडाकडची. पण ते मी सांगितलं नाही.

'वहिनी,' मी म्हणालो, 'जरा बसता का? तो सगळ्यांपुढे बोलला होता ना, त्याबद्दल सांगायचं आहे.'

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

'बसले,' त्या म्हणाल्या. 'बोला.'