आधी कंदील, मग माणूस

"ए म्हाताऱ्या, हे जहाज आहे. तुझ्या बापाचं पेव नाही. उतर!"

सुपरवायझर बोलला आन् सगळी गँग हसली. म्या बी हसलो. त्येच अजून छातीत जळतंय.

म्हातारा म्हंजी आमचे रशीदचाचा. लोहाऱ्याचे, माझ्याच गावचे. मला बंदरावर कामाला त्येंनीच नेलं, दोर बांधायला त्येंनीच शिकवलं. चाचा बोलले काय व्हते, तर एवढंच, "साहेब, आमच्याकडं जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं की आधी कंदील सोडतेत. इझला म्हंजी आत हवा न्हाय, मग माणूस उतरत न्हाय. ह्ये बी लई दिवस बंद हाय."

खाली ओल्या ओंडक्यांनी भरलेलं जहाजाचं पोट. झाकण नुकतंच उघडलेलं.

"उतरायचं नसेल तर पिशवी उचल. तुमच्याकडनं उद्या दुसरी गाडी भरून माणसं येतील."

चाचा उतरले. निम्म्या शिडीवर हात सुटला. म्या धावलो, तर सुपरवायझरनं कॉलर धरली. "थांब! आधी मीटर येऊ दे."

मीटर! म्हंजी ह्येला ठाऊक व्हतं. हवा तपासायचं मीटर हापिसच्या कपाटात पडून व्हतं. आता साहेबाला खाली जायचं व्हतं, म्हणून निघालं. दोरानं सोडलं आन् वरडायच लागलं. चाचांसाठी त्ये कपाट उघडलं न्हाय कुणी.

चाचांना वर काढलं तवा जीव गेला व्हता. दुसऱ्या दिवशी कागद पुढं आला. 'मनाई केली असताना स्वतःहून उतरला.' खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

"तू शिकलेला आहेस," सुपरवायझर म्हणला. "कर सही."

शिकलेला! हवा तपासल्याबिगर उतरू नका, ह्यो जगातल्या समद्या बंदरांचा नियम. झाकणाशेजारी इंग्रजीत पाटीच असती. म्या बारावी झालेला. त्या पाटीला टेकून डबा खायचो. चाचांना एकदा बी वाचून दावली न्हाय.

सही केली न्हाय. त्येंनी मला कामावरनं काढून टाकलं. टाकू दे.

आता लोहाऱ्यात जीप चालवतो. मुकादम अजून स्टँडवर बंदरासाठी माणसं गोळा करतो. म्या त्येच्यासमोर एकेकाला ती पाटी मराठीत सांगतो. "लोकांच्या पोटावर पाय देतोस व्हय रे?" त्यो म्हणतो. म्हणू दे.

चाचींनी केस घातलीय. साक्षीला म्या जाणार. पहिलं सांगणार, म्या हसलो व्हतो. मग सुपरवायझर काय बोलला त्ये शब्दनशब्द सांगणार. माफी न्हाय. त्येला न्हाय, मला बी न्हाय.