माझा नंबर येईपर्यंत

पहिल्या तासाला केमिस्ट्रीचे सर हजेरी घ्यायला लागले की माझे कान गरम व्हायचे. सर मान खाली घालून नुसते नंबर वाचायचे आणि वर्गातून एकेक आवाज उठायचा. पुढच्या बाकावरच्या मुली एका सुरात ‘येस सर’ म्हणायच्या. मागची मुलं दोन्ही शब्द एकत्र गिळून ‘यस्सर’ करायची. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा सकाळी ग्राउंडवर धावून तसाच घामेजलेला यायचा, तो कवायतीत ओरडल्यासारखा ओरडायचा. एकाचं उत्तर कायम जांभईतूनच यायचं. वर्गातल्या प्रत्येकाची म्हणायची तऱ्हा मला पाठ झाली होती, कारण दुसरीकडं लक्ष लावून ठेवलं नाही तर माझा नंबर जवळ येत असल्याचं ऐकू यायचं.

मी अडखळत बोलते. बोलायला शिकले तेव्हापासून. शब्द मला ठाऊक असतो, तोंडात येऊन उभा असतो, पण जबडा आवळतो आणि गळ्यातून आवाजच निघत नाही. समोरचा माणूस माझ्या तोंडाकडं बघत राहतो आणि मग दया येऊन तो शब्द स्वतःच म्हणून टाकतो. बऱ्याचदा तो चुकीचा असतो.

आमच्या बोरी गावाहून परभणीला एसटीनं यायचं, तेव्हा वाटेभर मी खिडकीकडं तोंड करून ‘येस सर’ म्हणत यायचे. गाडीच्या घरघरीत कुणाला ऐकू जात नाही. तिथं ते अगदी लोण्यासारखं निघायचं. वर्गात पोचेपर्यंत ‘ये’ दगड होऊन बसायचा.

कॉलेजातलं माझं सगळं वागणंच या एका गोष्टीभोवती फिरायचं, आणि कुणाच्या ते लक्षातही येत नव्हतं. कॅन्टीनमध्ये मला पोहे आवडायचे, पण ‘प’ ओठांवर चिकटून बसायचा. ‘इडली’ सोपी जायची. म्हणून वर्षभर मी इडली खाल्ली. कॅन्टीनवाल्या काकूंना वाटायचं, मला इडलीचं लय वेड आहे. मी दिसले की विचारायच्या आधीच बशी पुढं करायच्या आणि मी मान हलवायचे. ऑटोत बसले आणि आधी उतरायचं असलं तरी ‘थांबा’ म्हणता यायचं नाही. दुसरं कुणी थांबवलं की मी पण उतरायचे आणि उरलेलं अंतर मागं चालत यायचे. लायब्ररीत पुस्तक मागायचं असलं की त्याचं नाव मोबाइलवर टाइप करून स्क्रीन पुढं धरायची. त्यांना वाटायचं, आजकालची पोरं अशीच.

पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या शेजारी एक मुलगी येऊन बसली. परभणीचीच. तिचे वडील शाळेत शिक्षक, आईही शिकलेली, घरात कायम पुस्तकं आणि वादविवाद. ती दिवसभर बोलायची. कंपासपेटीत बडीशेप ठेवायची आणि तास रंगात आला की चिमूटभर माझ्या हातावर टाकायची. मी फारसं बोलत नाही याचं तिला काहीच वाटलं नाही. तिला ऐकणारं माणूस हवं होतं.

एके दिवशी हजेरीत माझा नंबर आला आणि माझा जबडा आवळला. सरांनी नंबर पुन्हा म्हटला. तेवढ्यात शेजारून बारीक आवाज आला, ‘येस सर.’ तिनं वहीतून मानसुद्धा वर केली नव्हती. तास संपल्यावरही ती त्याबद्दल काही बोलली नाही, बडीशेपेची पुडी काढली आणि कालच्या मॅचवर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी परत तसंच. मग ते ठरूनच गेलं. तिचा नंबर आला की ती खणखणीत आवाजात म्हणायची, माझा आला की जरा नाजूक आवाजात. वर्षभर सरांच्या कानात माझा आवाज म्हणून तिचाच आवाज होता.

दुसऱ्या वर्षी थंडी सुरू झाली आणि तिला कावीळ झाली. पहिल्या दिवशी वाटलं, दोन-चार दिवसांत येईल. मग तिचा मेसेज आला की डॉक्टरांनी महिनाभर तरी घरीच राहायला सांगितलंय. मोबाइलवर मी भरपूर बडबड करते. तिला लांबच्या लांब मेसेज लिहायचे, कॅन्टीनमध्ये काय झालं, कुणाचं कुणाशी भांडण झालं. हजेरीचं मात्र लिहिलं नाही. आधीच आजारी माणूस, तिला कशाला घोर लावायचा.

ती नसलेल्या पहिल्या सकाळी मी हात वर केला. सरांनी वर पाहिलंच नाही. गैरहजेरी लागली. दुसऱ्या दिवशी हात आणखी उंच केला, अर्धी उठून उभी राहिले. या वेळी त्यांनी पाहिलं.

“हात कशाला हलवतीस? तोंड न्हाई का?”

वर्ग हसला. सर रागावलेले नव्हते, त्यांना घाई होती, आणि ते पुढच्या नंबरावर गेलेसुद्धा. पण त्या दिवसापासून मी पहिल्या तासाला जाणंच सोडलं.

लेडीज रूममध्ये जाऊन बसायचे. तिथं गेल्यावर कळलं की तास चुकवणारी मी एकटी नाही. एक मुलगी गणिताच्या सरांना घाबरून यायची. एकीचं लग्न ठरलं होतं, ती भिंतीकडं तोंड करून फोनवर अगदी हळू बोलत राहायची, आणि बोलणं संपलं की डोळे पुसायची. आम्ही एकमेकींना काही विचारत नव्हतो. बाहेर कुणाच्या चपलांचा आवाज आला की तिघी एकदम वह्या उघडायचो. तिथंही मी बुडालेले तास बोटांवर मोजत बसायचे. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्यातच बॉटनीच्या मॅडमनी सेमिनार जाहीर केले. प्रत्येकानं वर्गापुढं उभं राहून एका विषयावर बोलायचं. माझ्या वाट्याला आला डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींचा विषय. तो ऐकल्यापासून मला जेवण जाईना. एसटीत बसले की वाटायचं, गाडी कॉलेजच्या अलीकडंच बंद पडावी. हे शिक्षणच सोडून द्यावं, असंही मनात येऊ लागलं. सोडलं तर निदान कुणापुढं उभं तरी राहावं लागणार नाही.

एका रविवारी मी आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, मेंढ्यांकडं गेले होते. आमच्याकडं मेंढ्या आणि थोड्या शेळ्या आहेत. एक शेळी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात घुसायला निघाली म्हणून मी तिला मोठ्यानं हाक मारून मागं फिरवलं. आबा माझ्याकडं बघत होते.

“शेळीवर वरडतीस तवा बरं आडकत न्हाईस.”

“श... शेळ्या मार्क देत न्हाईत, आबा.”

ते हसले. मग म्हणाले, “काय झालंय? आठ-पंधरा दिस झालं, तू जेवायलीस का न्हाई, त्याकडं माझं ध्यान हाय.”

मी सांगितलं. सगळं सांगायला बराच वेळ लागला. आबा काठीवर हनुवटी टेकवून ऐकत राहिले. त्यांनी ना शब्द पुरवले, ना सल्ला दिला. शेवटी एवढंच म्हणाले, “सोडायचं आसंल तर सोड. पर त्या मॅडमला इचारून सोड. न इचारता नगं.”

सोमवारी मी मॅडमच्या केबिनच्या दारात उभी राहिले. एक विद्यार्थी बाहेर आला की दुसरा आत जायचा आणि मी प्रत्येकाला पुढं जाऊ द्यायचे. शेवटी मॅडमनीच डोकावून आत बोलावलं.

“सेमिनार ल... ल...” माझा शब्द अडकला.

“लवकर पाहिजे?”

मी नाही म्हणून मान हलवली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. “माझं चुकलं. तू सांग. मी थांबते.”

लिहून दिला तर चालेल का, एवढंच मला विचारायचं होतं. ते पूर्ण होईपर्यंत बाहेरचं कुणीतरी दोनदा दार वाजवून गेलं. मॅडमनी दाराकडं पाहिलं नाही.

“नाही चालणार,” त्या म्हणाल्या. माझे डोळे भरून आले. “ऐक तर खरं. सेमिनार लिहून देशील. पुढं प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे सर तोंडी प्रश्न विचारतील, ते कसं लिहून देशील? मला एक सांग, जास्त त्रास कशाचा होतो? बोलायचा, का बोलायची वाट बघत बसायचा?”

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी विचार केला आणि म्हणाले, “व... वाट बघायचा.”

“मग तुझा पहिला नंबर. वर्गात पाय ठेवायचा आणि सुरू करायचं. आणि उभी राहिलीस की आधी सांगून टाक, मी अडखळते म्हणून. लपवण्यातच सगळी ताकद चाललीय तुझी.”

पहिल्या नंबराचं मला पटलं. दुसरं अजिबात पटलं नाही. जे लपवायला मी इडल्या खात होते, तेच पंचवीस-तीस जणांपुढं आपल्या तोंडानं सांगायचं?

सेमिनारच्या सकाळी मी शेतातून हरभऱ्याची दोन रोपं मुळांसकट उपटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर धरून बसले. त्या दिवशी वाटेत एकदाही तोंड उघडलं नाही. वर्गात शिरले तर पहिल्या बाकावर माझी मैत्रीण बसलेली. गालफडं बसलेली, डोळ्यांत अजून पिवळसर झाक. डॉक्टरांनी आठवडाभर आणखी थांबायला सांगितलं होतं, तरी माझ्या सेमिनारचा मेसेज वाचून वडिलांच्या मागं लागून आली होती.

“मी असताना तू कामून घाबरायलीस?” ती हळूच म्हणाली.

मॅडमनी खूण केली. मी टेबलापाशी जाऊन फडकं सोडलं. माती टेबलावर सांडली. आणि मॅडमनी सांगितलेलंच वाक्य माझ्या तोंडाशी आलं, कारण बाकीचं सगळं मी विसरले होते.

“मी अ...”

आवाज बंद झाला. जबडा आवळला. पंख्याची करकर ऐकू यायला लागली. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. मला पहिल्या बाकावर तिचे ओठ हलताना दिसले. ती माझा शब्द म्हणणार होती. वर्षभराची सवय तिला. मी तिच्याकडं बघून मान हलवली. नको.

तिचे ओठ मिटले.

“...अडखळते,” मी म्हणाले. “थ... थांबावं लागेल तुम्हाला.”

पुढं सगळं सुरळीत झालं, असं नाही. जवळजवळ प्रत्येक वाक्यात कुठं ना कुठं अडकले. ‘जिवाणू’ला तर इतका वेळ लागला की भरतीवाल्या मुलानं माझ्याबरोबर श्वास रोखून धरलेला मला दिसला. पण मी मुळांवरची गाठ नखानं फोडून दाखवली, आतला गुलाबी रंग बघायला मुलं बाकं सोडून पुढं आली, आणि गर्दीत उभं राहून बोलणं मला जरा सोपं गेलं. हवेतला नायट्रोजन पिकाला कसा मिळतो तिथवर पोचले आणि बेल झाली. अर्धा विषय राहिलाच. मॅडमनी मार्क जेमतेम दिले, राहिलेल्या अर्ध्याचे कापले, आणि मला ते रास्त वाटलं. केमिस्ट्रीच्या सरांशी त्या बोलल्या असाव्यात. पुढच्या आठवड्यात सरांनी मला बोलावून सांगितलं की हात वर केला तरी चालेल, पण बुडवलेले तास बुडालेलेच. उरलेल्या टर्ममध्ये एकही तास चुकवून चालणार नव्हतं. ती धास्ती शेवटपर्यंत राहिली.

सेमिनारच्या दिवशी तास सुटल्यावर मैत्रीण मात्र माझ्याशी बोलेना. लायब्ररीच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसली. बिनतेलाची खिचडी आणि मुरमुरे. मी शेजारी बसले.

“मी आजारातून उठून आले तुझ्यासाठी,” ती म्हणाली, “आन् तू सगळ्यांपुढं मान हलवलीस. मला वाटलं, आता हिला माझं कामच राहिलं न्हाई.”

“त... तसं न्हाई.”

“मग कसं?”

मला सांगता येईना. अडखळल्यामुळं नव्हे, खरंच कळत नव्हतं. ती खिचडी चिवडत राहिली. मग एकदम तिचा आवाज बारीक झाला. “माझं वर्ष जाईल का गं? महिन्याभराचं सगळं राहिलंय. रात्रंदिवस तेच डोक्यात हाय. घरी कुणाला सांगितलं न्हाई.”

इतकी बोलणारी मुलगी, आणि एवढी एक गोष्ट तिनं महिनाभर कुणापाशी काढली नव्हती. मी बॅगेतून वही काढली. वहीत माझं अक्षर मलाच नीट लागत नाही, तिला काय लागणार. म्हणून वाचून दाखवायला लागले. वाचताना अडकायचे, थांबायचे, परत सुरू करायचे. दुपारचं ऊन पायऱ्यांवरून सरकत गेलं. ती पाय पोटाशी घेऊन भराभर लिहीत होती आणि मी एका शब्दावर फार वेळ अडकले की नुसतं पेन थांबवून वाट बघायची.

एका जागी मी न अडखळता सलग तीन-चार वाक्यं बोलून गेले. तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

“सावकाश सांग ना गं. मला लिहायला वेळ लागायलाय.”