इनासचा हिरवा चेहरा

रिफअतचं फोटो छापायचं दुकान माझ्या चीजच्या दुकानासमोर आहे, आणि इतकी वर्षं मी त्याला एकच कवायत करताना बघते आहे. ताजा छापलेला फोटो घेऊन दारात यायचं, उजेडात धरायचा, मान हलवायची, परत आत जायचं. आत संगणकाच्या स्क्रीनवर तोच फोटो उघडा असतो. स्क्रीनवरचा रंग आणि कागदावरचा रंग एक झाल्याशिवाय या माणसाला चहा गोड लागत नाही.

एकदा मी विचारलंच, "अरे, लोकांना लग्नाचे फोटो हवेत. तू हे रोज काय जुळवत बसतोस?"

"मावशी, प्रत्येक कागदाचा स्वभाव वेगळा असतो," तो म्हणाला. "एक लाल जास्त दाखवतो, दुसरा निळा खाऊन टाकतो. मी त्या कागदावर रंगांचे चौकोन छापतो, यंत्राने मोजतो आणि संगणकाला कागदाचा स्वभाव सांगतो. त्याला प्रोफाइल म्हणतात. मग संगणक तेवढं सांभाळून घेतो."

"माझ्या नवऱ्याचं असं काही करता आलं असतं तर किती बरं झालं असतं," मी म्हटलं.

इजिप्तमधल्या आमच्या या दुम्यात शहरातले बाकीचे फोटोवाले नवरीला पिठात घोळवल्यासारखी गोरी करून देतात. रिफअत देत नाही. त्यावरून गिऱ्हाइकं भांडतात, निघून जातात, आणि याला त्याचं काही वाटत नाही. इनास मात्र याच कारणाने त्याच्या पदरात पडली. शाळेत शिकवणारी, गव्हाळ रंगाची, हनुवटीवर तीळ असलेली ही मुलगी ओळखपत्राचा फोटो काढायला आली होती. फोटो हातात घेऊन ती माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "मावशी, पहिल्यांदाच कुणीतरी मला माझाच फोटो दिला." मी अशी संधी सोडणाऱ्यातली नाही. महिनाभरात मी दोन्ही घरांत जाऊन बोलणी केली आणि साखरपुडा लावून दिला.

रिफअत इतका लाजाळू की साखरपुड्याच्या दिवशी त्याने इनासच्या बोटात अंगठी घातली तीसुद्धा बोटाकडे बघून. मुलीच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. फोटो मात्र भरपूर काढले.

मग रमजान आला. होणाऱ्या नवऱ्याने सणाला मुलीकडे भेट पाठवायची असते. रिफअतने माझ्याकडून कहक बिस्किटांचं ताट भरून घेतलं आणि त्यासोबत इनासचा साखरपुड्यातला फोटो मोठा छापून, चौकट घालून पाठवायचं ठरवलं. कागद नवा, महागातला. त्याची प्रोफाइल त्याने यंत्राने बनवली, पण शेवटचा निकाल नेहमीसारखा दारात. त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, यंत्र चुकेल, देवाचा उजेड चुकायचा नाही. दारात फोटो जरा लाल वाटला म्हणून त्याने संगणकावर हाताने लाल कमी केला. पुन्हा दारात आला, पुन्हा कमी केला. शेवटी मला हाक मारली. मी बघितलं, मुलगी अशी सुरेख दिसत होती की माझेच डोळे भरून आले.

संध्याकाळी भेट इनासच्या घरी पोहोचली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिची आई गल्लीत शिरली. एका बगलेत चौकट, दुसऱ्या हातात कहकचं ताट, जसंच्या तसं.

"कुठाय तो?" तिचा आवाज पार मशिदीपर्यंत गेला असेल. "माझ्या मुलीला हिरवी करून पाठवतो? मुलुखियाच्या पालेभाजीच्या पातेल्यात पडल्यासारखी? रात्रभर रडलीये पोर! म्हणते, मी त्याला अशीच दिसत असणार. हे घे तुझं ताट, आणि अंगठीपण संध्याकाळी परत येईल!"

रिफअत दारात आला. मी हात पुसत बाहेर पळाले, कारण लग्न मोडलं असतं तर माझंही नाक कापलं जाणार होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे हा भला माणूस पुन्हा कधी कुणाच्या दारी गेला नसता.

"बघा सगळ्यांनी!" म्हणत तिने चौकटीवरचं कापड ओढलं.

गल्ली बघायला जमली. गल्लीने बघितलं. आणि गल्ली एका सुरात म्हणाली, "माशाल्ला!"

गुलाबी ओठ, गव्हाळ गाल, हनुवटीवर तीळ. इनासच्या आईने चौकट फिरवून स्वतःकडे केली आणि ती आ वासून बघत राहिली.

"घरी हिरवी होती," ती म्हणाली.

"ताई, रोज्याने चक्कर येते कधीकधी," मी म्हटलं.

"चक्कर तुला आली असेल!" तिने रिफअतचं मनगट पकडलं आणि त्याला फरफटत मोठ्या रस्त्यावर नेलं. आम्ही सगळे मागे. रस्त्याच्या उन्हात तिने चौकट उभी धरली. खरोखर हिरवी. आजारी माणसासारखी. परत गल्लीत आणली, तर गुलाबी. एका टुकटुकवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "ही जादू कितीची आहे?"

रिफअत माझ्या दुकानाकडे बघत होता. बाहेरच्या फळीवर पांढऱ्या चीजचा गड्डा होता. त्या रमजानमध्ये दोघीतिघींनी माझं चीज गुलाबी दिसतं म्हणून तोंड वाकडं केलं होतं, आणि मी त्यांना डोळे तपासायला सांगितलं होतं. रिफअतने तो गड्डा उचलला, विचारलंसुद्धा नाही, आणि रस्त्यावर पळाला. उन्हात तो दुधासारखा पांढरा. गल्लीत आणला तर गुलाबी. मग त्याने मान वर केली.

दरवर्षी आम्ही गल्लीत कागदी झालरी आणि कंदील लावतो. त्या वर्षी पोरांनी वर्गणी काढून रमजानचं नक्षीदार लाल कापड आणलं होतं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्लीवर छतासारखं ताणलं होतं. महिनाभर आम्ही सगळे त्या लाल उजेडात वावरत होतो आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. देवाचा उजेड आमच्याकडे गाळून येत होता.

"म्हणजे लाल फोटोत नव्हताच," रिफअत पुटपुटला. "वर होता. आणि मी तो इनासच्या गालातून काढत बसलो!" त्याने कपाळावर हात मारून घेतला. "काकू, आजचा दिवस द्या. अंगठी आज राहू द्या तिच्या बोटात."

"मगरिबच्या अजानपर्यंत," ती म्हणाली. "आणि हा गड्डा जिचा आहे तिला परत दे."

त्याने हाताने केलेले सगळे बदल पुसले, यंत्राने मोजलेले आकडे तसेच ठेवले आणि फोटो पुन्हा छापला. मग लॅपटॉप आणि फोटो घेऊन मोठ्या रस्त्याच्या फूटपाथवर सावलीत बसला. येणारेजाणारे अडखळत होते, शिव्या देत होते. एक बाई त्याच्या समोर थांबून म्हणाली, "नवरी छान आहे हो." तेवढ्यावर तो उठला.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर गेले. असल्या वेळी मध्यस्थाने घरी बसून चालत नाही. दिवाणखान्यात गेल्या गेल्या त्याने खिशातून पांढऱ्या उजेडाचा बल्ब काढला आणि खुर्चीवर चढून त्यांचा पिवळा बल्ब बदलला. इनासची आई म्हणाली, "आता भिंतपण बदलून घे." पण तिने खुर्ची धरून ठेवली होती, हे मी बघितलं.

इनास समोर बसली होती, डोळे सुजलेले. मेजावर खजूर आणि पाणी मांडलेलं. रिफअतने फोटो भिंतीला टेकवला, शेजारी लॅपटॉप उघडला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागला.

"जुळतंय," तो म्हणाला. "ओठ जुळतात. गाल जुळतात. तीळसुद्धा."

"थोडी गोरी केली असतीस तर..." आईने सुरुवात केली.

"अम्मा!" इनास म्हणाली. मग तिने उठून लॅपटॉप बंद केला. "रिफअत, स्क्रीनशी जुळवून झालं ना? आता माझ्याशी जुळवून बघ."

बिचाऱ्याचे कान लाल झाले, आणि त्या खोलीत तर लाल कापड नव्हतं. त्याने आधी तिच्या हाताकडे बघितलं, अंगठी होती. मग हनुवटीकडे. मग कसाबसा वर, डोळ्यांकडे. आणि तिथेच राहिला. इनासनेही नजर हटवली नाही. बाहेर अजान झाली. मी खजूर तोंडात टाकला, तिची आई पाणी प्यायली. रिफअत खजूर हातात धरून तसाच बसलेला.

इनासच्या आईने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. इतक्या वेळात पहिल्यांदा ती हसली आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"रोजा सोड बाळा," ती म्हणाली. "ती कुठे जात नाही."